अक्काच्या चुलीचा अंदाज

हळ्ळीखेड (बी), भाद्रपद शु. ३, १९८६

चि. श्रीनिवासास रामाचार्यमामाचे अनेक आशीर्वाद. श्रीहरीच्या कृपेने इथे सर्व ठीक, तुझ्या आईचा खोकला तेवढा वगळून. तिकडच्या उन्हात डोक्यावर काही घालतोस ना?

श्रावणीच्या सकाळी नवं जानवं घालून मी ओसरीवर बसलो आणि तुझं पत्र अक्काला वाचून दाखवलं. ‘मी इथे तेलविहिरींच्या उत्सर्जनाचा अंदाज काढतो’ एवढं ऐकताच तिचे डोळे भरले. (उत्सर्जन म्हणजे श्रावणीचा विधी, एवढंच आम्हा दोघांना ठाऊक.) माझा पोरगा गुजरातेत विहिरींचीसुद्धा श्रावणी करतो, असं तिने संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगितलं. शेवटी हणमंतराव मास्तर पत्र वाचून म्हणाले, ‘आचार्य, हे धुराचं आहे हो.’ अक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. दोन अक्षरी धूर सोडून तुला चार अक्षरी शब्द कशाला हवा होता?

तुझी रीत मात्र मला पटली. प्रत्येक धुराड्यावर चढून मोजता येत नाही, म्हणून इंजिनं किती, तास किती, तेल किती जळलं ते मांडून ठरलेल्या आकड्याने गुणायचं. मी अक्काच्या चुलीपाशी पाट टाकला. तुराट्या दीड पेंढी, वेळ अडीच तास. ठरलेला आकडा माझ्याजवळ नव्हता, म्हणून खोकले मोजले. (एकेचाळीस. त्यातले चार माझे, ते वजा केले.)

‘कामून मोजायलास रे? मोजल्यानं धूर कमी व्हतोय व्हय?’

‘अंदाज काढायलोय, अक्का.’

‘मग इथं बसून काढ. दाराकडं कामून सरकायलास?’

तुराट्यांचा खरा आकडा तुझ्या कचेरीत असल्यास पाठव. सौ. नलिनीस आशीर्वाद.

तुझा मामा

ता. क. आकडा पाठवू नकोस. गुणाकार मीच पुरा केला. मडीतला, सोवळ्यातला स्वयंपाक चुलीवरच हवा, हा हट्ट घरात एकट्या माझा. दोन वर्षांपूर्वी तू घेऊन दिलेली गॅसची शेगडी अक्काने फडक्यात बांधून ठेवली आणि तुला ‘भीती वाटते’ असं कळवलं. भीती नव्हती, मी होतो.

आणखी एक. वरचं सगळं काल लिहिलं. आज स्नान करून मी स्वतः ती शेगडी पुसली, मास्तरांना दाराबाहेर उभं करून त्यांच्या सांगण्याबरहुकूम पेटवली आणि भात टाकला. खाली लागला. नैवेद्य दाखवला तेव्हा देव काही बोलला नाही. अक्का पुष्कळ बोलली, एकदाही न खोकता. तो भात मी जेवलो.