आईसाठी शिजवलेला हलीम

बाबा, आज मी हलीम केला. अमरावतीत, गॅसवर, पण कुकरला हात न लावता. भिजवलेला गहू, डाळी, हाडांसकट मटण आणि मंद आच. मनगट भरून येईपर्यंत घोटत राहिले, तेव्हा कळलं तुम्ही त्या दिवशी सारखे हात का बदलत होतात.

तो दिवस बार्शीटाकळीचा. माझा धाकटा भाऊ तापात गेला, त्याला आठवडाही झाला नव्हता. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. भाकरीचा तुकडा तोंडात ठेवला तर तसाच राहायचा. तुम्ही कामावर गेला नाहीत. लग्नाआधी हैदराबादला मजुरीला होतात तेव्हा शेजाऱ्यांकडून शिकलेला हा पदार्थ तुम्ही अंगणातल्या चुलीवर चढवलात. आपल्या घरात पुरुष चुलीपाशी बसत नसत. आत्या दारातूनच कडाडली, "लेकरू जाऊन आठवडा नाही झाला, अन् तू मटण शिजवून राहिला? लोकं काय म्हणतीन?" तुम्ही मान वर केली नाही. "तिले चावायची ताकद नाही राहिली," एवढंच म्हणालात, "म्हणून घोटून राहिलो."

दुपार कलली तेव्हा मटण कुठलं आणि गहू कुठला ते ओळखू येत नव्हतं. तुम्ही आईला उठवून बसवता, वाटीत लिंबू पिळता, बोटानं तिच्या ओठांना लावता. ती गिळते. मग रडते, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच. तुम्ही पुढचा घास बोटावर घेऊन नुसते थांबता.

आता आई माझ्याकडे असते. तुम्ही गेल्याचं तिला कधी आठवतं, कधी नाही. हल्ली ती ताट तसंच परत करते, म्हणून आजचा हा खटाटोप. पहिला घास घेऊन ती थबकली.

"हे त्यायनं केलं ना?"

"हो आई, बाबांनीच केलं."

तिनं वाटी पुसून खाल्ली. "त्यायले सांग, मीठ बरोबर हाय."

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकते. ती जेवली याचा आनंद झालाच, बाबा. पण पातेलं घासताना मला तुमचा हेवा वाटला. इतकी वर्षं रोज मी करून घालते, आणि तिला चव लागली ती तुमच्या हातची.