तरुण शेतकऱ्याचं नाव

नॉर्थ हॅस्कल, व्हरमाँट
६ मार्च १९७६

चि. वेंडेल यास,

अनेक आशीर्वाद. घ्यायचे की परत पाठवायचे, तुझं तू ठरव. इकडे सगळं ठीक आहे. मेपलचा रस यंदा लवकर वाहायला लागला, माझे गुडघे कुरकुरतात आणि तपकिरी गायीला कालवड झाली. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आई लिहिते ते मला ठाऊक आहे. ड्रॉवरमध्ये तिकिटं मीच आणून ठेवतो.

आता कामाचं. मंगळवारी गावसभा झाली. जुलैत देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होतात, म्हणून वाचनालयातल्या मिस्टर पेनिमनच्या चित्राखाली पितळी पाटी लावायचं निघालं. त्यांच्या चित्रांत आपल्या गावचीच माणसं असायची, तेव्हा चित्रातल्या कुठल्या माणसासाठी कोण उभं राहिलं त्याची यादी पाटीवर. कुंपणाशी टेकलेला म्हातारा म्हणजे मी. तेव्हा दाढी चिकटवावी लागली होती, आता लागणार नाही. ढोलवाला, हार्लन स्ट्राउडचा डेल. दारातली बाई, पोस्टातली व्हर्ना. आणि मधोमध, खांद्यावर बंदूक टाकून इंग्लंडच्या राजाच्या फौजेशी लढायला निघालेला, वळून घराकडे बघणारा पोरगा? त्याच्यापुढे नुसतं ‘एक तरुण शेतकरी’.

मी उठलो. म्हटलं, “त्या शेतकऱ्याला नाव आहे.”

हार्लन म्हणाला, “होतं. ते घेऊन तो कॅनडात पळाला. माझा डेल व्हिएतनामला गेला आणि पेटीतून आला, लायमन. त्या दोघांची नावं एका पाटीवर मी येऊ देणार नाही.”

त्याच्या दुःखापुढे मी काय बोलणार? तरी बोललो. “डेलचं नाव सगळ्यात वर घाला, पहिला हात माझा. पण ज्या तोंडाकडे बघून लोकांना भरून येतं, ते माझ्या पोराचं आहे. तोंड चालतं आणि नाव चालत नाही, हा कुठला न्याय?”

“आता बरा पुळका आला!” मागून व्हर्ना म्हणाली. “सहा वर्षं कुठे होतास?”

अगदी वर्मावर बोट ठेवलं तिने. मग मी ते तोंड कुठून आलं ते सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पेनिमन आधी फोटो काढायचे आणि मग त्यावरून रंगवायचे. भर जुलैत त्यांच्या कोठारात लोकरी कोट घालून तू तीन तास उभा होतास. तोंड काही जमेना. शूर दिसायला जायचास आणि पोट दुखल्यासारखा दिसायचास. शेवटी ते माझ्या कानाशी आले, “टटल, त्याला काहीतरी बोल. पण खरं बोल.” मी म्हटलं, “वेंडेल, मन नसेल तर जाऊ नकोस. घरी मी आहे.” तू वळलास आणि तोच फोटो रंगवला गेला. कॅलेंडरांवर छापून लोक त्याला शौर्य म्हणतात. बापाने थांब म्हटल्यावरचं ते तोंड आहे, हे मी सभेत ठणकावून सांगितलं.

हात वर झाले. आमचे एकोणचाळीस, त्यांचे चौसष्ट. हरलो.

सभेत जे बोललो नाही ते तुला लिहितो. सक्तीच्या लष्करभरतीचा खरा बोलावा आला तेव्हा स्वयंपाकघरात तू अगदी तसाच माझ्याकडे वळलास. तेच वाक्य मागत होतास. आणि मी म्हटलं, “गेला नाहीस तर मी तुझा बाप नाही.” देशासाठी नाही रे म्हटलं. हार्लन काय म्हणेल, व्हर्ना काय म्हणेल, या भीतीने म्हटलं. आपल्या घरात कुणी पळपुटा असेल तर तो मी आहे.

गुरुवारी सकाळी घोड्याचं सामान शिवायचं दाभण घेऊन वाचनालयात गेलो. चित्राच्या चौकटीवर, तुझ्या बुटांच्या बरोबर खाली, तुझं नाव कोरायला बसलो. मिस फिलब्रिक पुस्तकं लावत होती. म्हणाली, “लायमन, इथे बोलायला बंदी आहे. कोरण्याबद्दल नियमांत काही नाही.” आणि खुर्ची आणून दिली.

निम्मं झालं तोवर हार्लन आलाच. “उद्या घासून काढीन,” म्हणाला.

“मी परवा परत कोरीन. दाभण आहे आणि आता लाजही उरलेली नाही.”

त्याने चित्रातल्या डेलकडे, त्याच्या ढोलाकडे बघितलं. मग टोपी घालून गेला. आज शनिवार. मघाशी बघून आलो, अजून घासलेलं नाही. घासलं तर घासलं.

तू इथे पाऊल ठेवलंस तर पकडतील. मला तिकडे यायला कुणाच्या बापाची बंदी नाही. सरहद्दीपलीकडचं तुझं शेरब्रुक दोन तासांवर आहे, आणि मला यायला सहा वर्षं लागली. रस आटवून झाला की पहिल्याच रविवारी निघतो. येऊ का, असं विचारत नाही. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन, तिथून हाकललंस तर गाडीत बसेन. गावाला काय वाटायचं ते वाटो.

तू मान, न मान,
तुझा बाप
लायमन टटल