बस म्हणेपर्यंत

९ फेब्रुवारी

तिसरा पिस्टन आज निघाला. निघाला कसला, मारून काढला. महिनाभर डिझेलमध्ये भिजत होता तरी जागचा हलेना. शेवटी इंजिनचा ब्लॉक उलटा टाकला, लाकडाचा ठोकळा ठेवला आणि घण घातला. "बस दादा, ब्लॉक चिरेल," बारकी ओरडली. मी आणखी एक घातला – आणि त्याच घावाला सुटला! मी म्हटलं, बघ. गोडीगुलाबीने काही होत नाही. ना यंत्राचं, ना माणसाचं.

ती माझी धाकटी बहीण, तीस वर्षांची घोडी झाली तरी बारकीच. टॉर्च घेऊन ब्लॉक आतून तपासत बसली.

मडम बाबांची. इंग्लिश गाडी, दोन माणसांची, हिरवी, बूड जमिनीला टेकलेलं. दरवर्षी टेकडीच्या शर्यतीत पळायची. शेवटच्या वर्षी ऐन चढावर इंजिन जाम झालं आणि पिवळ्या गाडीवाला हात हलवत पुढे गेला. त्या दिवशी बाबांनी तिच्यावर ताडपत्री टाकली ती स्वतः जिवंत असेपर्यंत काढली नाही. आता मी काढलीय. मे महिन्यात मडम टेकडीवर पळणार, पिवळ्याच्या पुढे. दुसरं काही मला नको.

१३ फेब्रुवारी

लेथवाल्याचा दात पाडला.

घासायला दिलेला क्रँक आणायला गेलो तर जर्नलवर, बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर, ओरखडा. म्हटलं, हा काय? म्हणे, आधीपासून होता. आणि हसला. हसला नसता तर निभावलं असतं. एकच ठेवून दिली, दात त्याच्याच लेथवर पडला. मग त्याच्या दोघांनी मला बाहेर ओढून बरगड्यांत लाथा घातल्या. बारकीने आधी क्रँक गोणपाटात गुंडाळून टेंपोत ठेवला, मग मला उचललं.

वाटेत म्हणाली, "ओरखडा जुनाच आहे. बाबांच्या वेळचा. मी पाहिलाय."

असेल. हसायचं कशाला?

१४ फेब्रुवारी

आईने जेवताना एवढंच विचारलं, "आज कुणाचा?" दाताबद्दल. का पाडला ते नाही. बरगडी शेकायला पाणी मात्र गरम करून दिलं.

२७ फेब्रुवारी

ब्लॉक बोअर होऊन, आतून घासून आला. गावाबाहेरच्या दुसऱ्या लेथवर पाठवावा लागला, आपल्याला इथे आता कोण उभं करणार. चारही सिलिंडर आरशासारखे. हा शेवटचा ब्लॉक. असला दुसरा मिळत नाही, बाबांनी जन्मभर शोधला. हा गेला की मडम गेली.

बारकी व्हॉल्व्ह घासतेय. काठीला रबराची वाटी, दोन तळहातांत घुसळायचं, पुसायचं, बघायचं, पुन्हा घुसळायचं. एकेका व्हॉल्व्हला अर्धा दिवस. मला तेवढा दम नाही. माझ्याकडे हात आहे, तिच्याकडे कान. बाबांनी वाटणीच तशी केली होती. टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते, लावताना ते डिस्ट्रिब्युटर जरा जरा पुढे फिरवायचे आणि ही बाजूच्या सीटवर बसून ऐकायची. पुढे घेतलं की ताकद वाढते. जास्त घेतलं की चढावर इंजिन नॉक करतं, डब्यात बारीक खिळे हलवल्यासारखा आवाज. तो ऐकूनही तसंच दामटलं तर पिस्टनला भोक. ही "बस" म्हणेपर्यंत बाबा पुढे घ्यायचे. म्हटली की हात काढायचे.

मला तो आवाज ऐकू येत नाही. वीस वर्षं ग्राइंडर चालवला, बारीक आवाज सगळे गेले. फोनची रिंगसुद्धा दुसऱ्याने सांगावी लागते.

बाबांनी तिला कधी हात लावला नाही. मला पान्याने मारायचे. भुवईवरची खूण त्यातलीच. म्हणून तर काम येतं मला.

१८ मार्च

ब्लॉकवर हेड बसवलं. टॉर्कचा पाना, क्रमाने एकेक नट. शेवटच्या नटाला पाना कट् वाजला, म्हणजे पुरे. बारकी म्हणाली, "झालं, दादा." मला वाटलं जरा ढिलाच राहिला. एक झटका दिला – स्टड मोडला! अर्धा आत, अर्धा हातात.

पाना भिरकावला. खिडकीची काच गेली, बाहेर कुणाच्या स्कूटरची सीट फाटली. तो भांडायला आला तेव्हा लोखंडी पाइप घेऊन दारात उभा राहिलो. गेला.

बारकीने काचा गोळा केल्या. मग मोडका स्टड ड्रिलने काढत संध्याकाळपर्यंत वाकून बसली. ब्लॉकला ओरखडा येऊ दिला नाही. हे मान्य करायला हवं.

२ एप्रिल

चालू झालं! दुसऱ्याच झटक्याला. आधी खोकलं, सायलेन्सरमधून काळं थुंकलं, मग लागलं. अंगावर काटा आला. बाबा गेले तेव्हा रडलो नव्हतो, आज बोनेटवर हात ठेवून रडलो. आई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून बघत होती.

मग कार्ब्युरेटर. दोन आहेत, दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. बारकी रबरी नळीचं एक टोक कानात घालते, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरते. याचा फुत्कार ऐकायचा, मग त्याचा. "डावा जरा कमी. अजून. हां, आता सारखे." मला दोन्ही सारखेच, म्हणजे दोन्ही नाहीतच. अर्ध्या तासात मडम अशी चालायला लागली की बोनेटवर ठेवलेला चहा हलेना.

बारकी हसली. बऱ्याच दिवसांनी.

५ एप्रिल

टेकडीच्या रस्त्यावर टायमिंग लावायला गेलो. खाली थांबायचं, जरा पुढे घ्यायचं, चढावर दामटायचं, परत खाली. चौथ्या फेरीला ती म्हणाली, "बस." मी आणखी जरा घेतलं. मला ओढ कमी वाटत होती. पिवळा यावर हाती लागणार नाही. ती उतरून माझ्यासमोर उभी राहिली. "बस म्हटलं ना. वाजतंय. बाबा असते तर–"

बाबांचं नाव कशाला काढायचं?

कानाखाली दिली. उजव्या हाताची, सपाट. ती बोनेटवर आपटली. मी आणखी एक दिली. मग तिच्या कानातून रक्त आलं, थोडंसं, मानेवरून कॉलरमध्ये गेलं. तिने बोट लावून पाहिलं. रडली नाही. गाडीत जाऊन बसली.

येताना इंजिन सुरेख चाललं होतं.

६ एप्रिल

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पडद्याला भोक आहे. म्हणाल्या, आपोआप भरेल, कानात पाणी जाऊ देऊ नका. शिट्टी वाजत राहील काही दिवस, कधीकधी जातच नाही. त्या शिट्टीत बारीक आवाज बुडून जातात. "लागलं कशाने?" मी म्हणणार होतो, बोनेट. बारकी म्हणाली, "दादाच्या हाताने." सरळ! बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसलो.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, वाटलं. पण बाबांनी मला पान्याने मारलं तेव्हा मी कुणाला सांगत फिरलो नाही.

७ एप्रिल

ती वर्कशॉपमध्ये आली नाही. आई माझ्याशी बोलत नाही. ताट आपटून ठेवते.

२० एप्रिल

आज आपणहून आली. हातात कापूस, तो कानात घातला नि बाजूच्या सीटवर बसली. "चल. टायमिंग राहिलंय."

म्हटलं, ऐकू येतंय ना? म्हणाली, "येतंय."

खाली थांबलो, जरा पुढे घेतलं, दामटलं. "वाजतंय?" "नाही." आणखी जरा. "वाजतंय?" "नाही. घे." काय ओढ! सीटमध्ये पाठ रुतत होती. बाबांच्या वेळी मडम अशी कधी पळाली नसेल. बारकी समोर रस्त्याकडे बघत होती. किती शहाण्यासारखी बसली होती! म्हणजे त्या दिवशी उगाच घाबरत होती. दोन बसल्या आणि सुतासारखी सरळ झाली.

४ मे

सरावाला पिवळा आला होता. आमची फेरी झाल्यावर स्वतःहून चालत आला. म्हणे, "वळणावर उभा होतो. तुझं इंजिन नॉक करतंय. टायमिंग मागे घे, नाहीतर फोडशील."

इतका कनवाळू कधीपासून झाला हा? बाबांना मागे टाकताना हात हलवत गेला होता! मी बारकीला हाक मारली. "काय गं, वाजत होतं?"

ती पिवळ्याकडे बघत म्हणाली, "मला नाही ऐकू आलं."

बस, मग काय. कॉलर धरली आणि कपाळ घातलं त्याच्या नाकावर. कर्रकन आवाज झाला, तो मलासुद्धा ऐकू आला. त्याचा शर्ट पुढून लाल. सोडवायला आलेल्या एकाला कोपर बसलं. शर्यतवाल्यांनी ताकीद दिली, पुन्हा असं केलंस तर बाहेर काढू. काढताय काय, शर्यत जिंकूनच बाहेर पडतो.

घरी येऊन टायमिंग आणखी केसभर पुढे घेतलं. बारकी दिवा धरून उभी होती. म्हणाली, "घे."

१२ मे

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचे पाय.

परवा शर्यत झाली. निघायच्या आधी बारकी खिडकीतून आत वाकली आणि माझा सीटचा पट्टा आवळला. इतका की श्वास अडकला. असं आजवर कधी केलं नव्हतं तिने. मी खेकसलो, मारतेस का? तिने आणखी ओढला, बकल हलवून पाहिलं आणि बाजूला झाली.

पहिली दोन वळणं स्वप्नासारखी. तिसऱ्यानंतरच्या चढावर धाडकन आवाज. आधी एक, मग लोखंडाची पाटी उलटी केल्यासारखे. पिस्टनचा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. मला सीटवरूनच दिसलं! बोनेटला फुगा आला होता. तेल मागच्या चाकाखाली गेलं, मडम दोनदा फिरली, कठड्यावर आदळली आणि आडवी झाली. तोंडात काच, रक्त, पेट्रोलचा वास. लोकांनी ओढून काढलं. पट्ट्याखालचं, उजवीकडचं गळ्याचं हाड मोडलं. दवाखान्यात म्हणाले, पट्टा इतका घट्ट नसता तर छातीत स्टिअरिंग घुसलं असतं.

ब्लॉक गेला. मुठीएवढं भोक आहे.

पिवळा पहिला आला. नाकावर पट्टी लावून.

१५ मे

टेंपोने मडमचं मढं आणून टाकलं. खुर्चीवर बसून बघत होतो, बारकी उघडत होती. तिसऱ्या पिस्टनला भोक, कडा वितळलेल्या. चौथ्यालाही सुरुवात झालेली. नॉकिंग. दुसरं काही नाही. म्हणजे पिवळा खरं सांगत होता. पहिल्या फेरीपासून वाजत असणार.

आणि हिला ऐकू आलं नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. ऐकू येणार कसं? डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, शिट्टीत बारीक आवाज बुडतात. पोरगी मला भिऊन "येतंय" म्हणाली. तिचा कान मी फोडला. बाबांनी जपलेला कान. माझं इंजिन मीच फोडलं.

बारकी वितळलेला पिस्टन फडक्याने पुसत होती, मग तिच्या हाताने घासलेले व्हॉल्व्ह. एकेक. पुसून काय करायचंय आता? ते बघवेना. आत येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. आईने डोक्यावर हात ठेवला नाही, पण उठूनही गेली नाही. म्हणाली, "तिला घेऊन जा डॉक्टरकडे. आणि तिच्यासमोर रड, माझ्यासमोर काय."

ते जमलं नाही. पण बारकीला म्हटलं, चल, कान दाखवून येऊ. लागेल ते करू. मशीन लावू. पुन्हा हात उचलणार नाही. शपथ घेतली.

ती म्हणाली, "बरं."

१९ मे

पडदा भरलाय. काचेच्या खोलीत बसवून बारीक आवाज ऐकवले, ऐकू आला की बोट वर करायचं. बारकी दर वेळी बोट वर करत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही कान उत्तम, असा कान क्वचित बघायला मिळतो. विचारलं, "शिट्टी कधी थांबली?"

"तिसऱ्याच दिवशी," बारकी म्हणाली.

बाहेर जिन्यात मी तिला गाठलं. मग त्या दिवशी वाजलेलं ऐकू येत होतं? दर वेळी?

"बस म्हटल्यावर काय होतं, ते मला कळलं होतं, दादा."

माझा उजवा हात उठला. झोळीत बांधलेला होता म्हणून तिथेच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि जिना उतरून गेली.