उशिराची उडी

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडून बघत नाहीस, आणि दाजींबरोबर निरोप पाठवावा तर ते बिचारे तुझा निरोप मला सांगताना अर्धा गिळतात आणि माझा तुला सांगताना पूर्ण. म्हणून हे पत्र. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो, आणि हातात आलेलं काहीही वाचल्याशिवाय तू फाडत नाहीस. माझी प्रगतिपुस्तकंसुद्धा आईच्या आधी तूच वाचायचीस. तुझं एक वाक्य मात्र दाजींनी जसंच्या तसं पोचवलं. 'हा कसला मामा, हे तर आडवं गेलेलं मांजर.' ताई, वाक्य झकास आहे. मी आरशासमोर दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

तुझा राग मला कळतो. तुझ्या लेकाला आमच्या क्लबने घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तू गल्लीत सगळ्यांना सांगून मोकळी झालीस, नवी बॅग आणलीस. खेळाडूंची खरेदी बंद होण्याच्या आदल्या दिवशी सगळं बारगळलं, आणि दुसऱ्याच दिवशी क्लबच्या पानावर माझा हसरा फोटो: 'आपला तिसरा गोलकीपर आणखी दोन वर्षं आपल्यासोबत.' तू दोन आणि दोन चार केलेस. म्हाताऱ्याला खुर्ची सोडवेना, म्हणून भाच्याच्या पायाखालची ओढली. बेरीज बरोबर आहे, ताई. खुर्ची कसली होती, तेवढं तुला कोणी सांगितलेलं नाही. दाजी म्हणतात, बॅग अजून दिवाणखान्यात उभी आहे आणि तू तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतेस. तो खोलीचं दार लावून बसलाय, गावच्या क्लबात आपल्या जुन्या कोचकडे, शिट्टींकडे, सरावाला जात नाही, ग्लोव्हज माळ्यावर फेकलेत. मला त्याने एकच मेसेज केला. 'का?' मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मी इथे नेमकं काय करतो, हे तू इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीस. तुझा दोष नाही. मी विचारायला जागाच ठेवली नाही. घरी आलो की कपाटाच्या गोष्टी सांगायच्या, म्हणजे आमच्या एक नंबरच्या गोलकीपरच्या. दोन खांबांच्या मध्ये ठेवला की उघडी जागा उरत नाही, म्हणून मी त्याला कपाट म्हणतो. तू शेजारणींना हाका मारून बोलवायचीस, या गं, आमचा धाकटा आलाय, मोठ्या लीगमधला. आमच्या लीगचा एक नियम आहे. पंचवीस जणांच्या यादीत आठ जण याच देशात खेळ शिकलेले हवेत. जितके कमी पडतील, तितके बाहेरून आणलेले घरी बसवायचे. देशी गुणवत्तेला वाव मिळावा, असा यामागे थोर हेतू आहे. क्लबांनी तो इतका मनावर घेतला की सात जण ते खेळायला घेतात आणि आठवा मला. मी यादीतला भरलेला रकाना आहे. माझ्यामुळे एक परदेशी स्ट्रायकर मैदानात उतरू शकतो. तो गोल करतो तेव्हा त्यात माझाही पाय असतो, अशी मी माझी समजूत घालतो. सामन्याच्या दिवशी मी बेंचवरही नसतो. त्याच्या मागच्या रांगेत, क्लबचा सूट घालून. कपडे धुणाऱ्या मावशी म्हणतात, 'तुझ्या शर्टावरची मी फक्त धूळ धुते, मळ काही दिसला नाही बाबा.' त्यांना वाटतं मी हसेन. मी हसतो.

माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून सरावाचं मैदान दिसतं. भाड्याने देताना एजंट म्हणाला होता, कामाची जागा डोळ्यांसमोर, आणखी काय हवं माणसाला? कुंपण उंच आहे, त्यावर हिरवं कापड. बाहेरच्यांना आतलं दिसू नये म्हणून लावलंय, त्यामुळे आतल्यांनाही बाहेरचा रस्ता दिसत नाही. सकाळी मी चहा पीत वरून ते मैदान बघतो, मग खाली उतरून त्या मैदानात जातो, आणि दुपारी तिथून माझी खिडकी बघतो. कपडे वाळत घालायचा स्टँड दिसतो. घरात आम्ही दोघंच, मी आणि तो.

उन्हाळा आला की आमचा खरा मोसम सुरू होतो. टीव्हीवर सूट घातलेले माजी खेळाडू सांगतात की आमची लीग जगात सर्वांत चुरशीची. असते ना चुरस! जून ते ऑगस्ट, बाजारात. सामने सुरू झाले की ज्याची पिशवी मोठी तो वर, हे शाळेतलं पोरही सांगेल. शेजारच्या लीगमधले क्लब एकेक पोर दहा-दहा वर्षं वाढवतात. आमचे लोक चष्मा पुसत येतात, पिकलं तेवढं तोडून नेतात, आणि मग तेच टीव्हीवर बसून काळजीने विचारतात, की अलीकडे त्या लीगमध्ये दम का राहिला नाही? यंदा आमच्याकडे सहा आले. प्रत्येकाचा व्हिडिओ तोच. अंधार, धूर, पाठमोरा माणूस. मग तो वळतो आणि सांगतो की या क्लबकडून खेळणं हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. त्यातल्या एकाने कॅमेरा बंद झाल्यावर मला विचारलं, घरच्या मैदानावर आपला शर्ट कुठल्या रंगाचा असतो? सहाही व्हिडिओंत मागे सराव करणारा तो अस्पष्ट माणूस मी आहे. दाजींना दाखव, त्यांना मौज वाटेल.

आता ज्यासाठी एवढा वेळ लावला ते सांगतो. महागाचा स्ट्रायकर नवा आला की तो बावरलेला असतो. सरावात त्याचे चार शॉट अडले की त्याचं तोंड उतरतं, मग सामन्यात पाय जड होतात, मग पेपरवाले त्याची किंमत छापतात. म्हणून कोच माझ्याजवळ येऊन बुटाची लेस बांधत हळूच म्हणतो, 'जरा बघ हं आज.' बस, एवढंच. म्हणजे, आज त्याचे गोल होऊ देत. कपाटाला असं सांगितलं तर अपमान होईल. दोन नंबरच्याला सांगावं तर त्याला एक नंबर व्हायचंय. मला सांगता येतं. हे सोपं काम नाही बरं का. उघड सोडून दिलं तर स्ट्रायकरला कळतं आणि तो आणखी खचतो. उडी मारायची, पूर्ण मारायची, बोटं ताणायची, पडल्यावर गवतावर मूठ आपटायची. फक्त पापणी लवेल इतका उशीर करायचा. यात मी इतका तरबेज झालो, की एकाने मोसमाच्या शेवटी मला मिठी मारून सांगितलं, तुझ्यासारख्या गोलकीपरवर गोल केले म्हणून मी सावरलो. मी त्याला धन्यवाद दिले.

जूनमध्ये माझा करार संपला. शिट्टींनी शब्द दिला होता, की एक वर्ष गावच्या क्लबचा पहिला गोलकीपर मी, मागे तुझा लेक, आणि पुढे सगळं त्याचं. मी किती आनंदात आलो होतो, तू पाहिलंस. गोदामवाल्यांच्या संघाशी सराव सामना ठेवला होता. तू गोलच्या मागे छत्री उघडून उन्हात उभी. पहिला गोल झाला तेव्हा म्हणालीस, असू दे, असू दे. दुसऱ्याला छत्री या हातातून त्या हातात घेतलीस. तिसऱ्याला अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडलीस, 'ठोंब्या, झोपलास का रे?' सगळे हसले. मीही हसलो. शिट्टी म्हणाले, गंज चढलाय, महिन्याभरात उतरेल. गंज नव्हता, ताई. तिन्ही चेंडू पायातून सुटतानाच मला दिसले होते. कुठे येणार, किती उंच येणार, सगळं कळलं होतं. मी उडीही मारली. पूर्ण मारली, बोटं ताणली. पापणी लवेल इतकी उशिरा. त्या दिवशी मला कोणीही 'जरा बघ हं' म्हणालं नव्हतं.

मध्यंतरानंतर तुझा लेक उतरला. कोपऱ्यातला तो एक चेंडू त्याने काढला आणि तू छत्री टाकून दिलीस. मी त्याच्या टाचा बघत होतो. समोरच्याचा पाय चेंडूला लागायच्या आत याच्या टाचा उचललेल्या असतात. माझ्याही असायच्या. मागच्या शेडचं पत्र्याचं दार आठवतं? मी त्याच्यापुढे, आणि तू समोरून अनवाणी, वेणीचं टोक दातात धरून. माझ्या हातून सुटला की पत्रा वाजायचा आणि गल्लीला कळायचं. मी तुझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण तू एकदाही हळू मारला नाहीस. माझं नाक फुटलं तेव्हा आईला काय सांगितलंस? 'मी काय करू, हाच मध्ये आला.'

ऑगस्ट संपत आला तरी आमच्या लोकांना आठवा माणूस सापडला नव्हता. सगळे मोठ्या खरेदीत गुंतले होते. नवा मिळेपर्यंत सरावाला येत जा म्हणाले, म्हणून मी सामान बांधता बांधता जात होतो. एक दिवस खरेदी-विक्री बघणाऱ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तुझ्या लेकाचा फोटो. म्हणाले, 'तुझ्या जागी तुझाच भाचा! लोकांना अशी गोष्ट फार आवडते.' मलाही आवडली. मी विचारलं, खेळवणार ना त्याला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विचारलं होतं की या खुर्चीला जेवायला कधी वाढणार. म्हणाले, 'सराव मिळेल ना, जगातल्या मोठमोठ्या लोकांबरोबर! बावीसचा तर आहे. पंधरा वर्षं चिंता नाही.' कोणाला चिंता नाही, ते बोलले नाहीत. मी दारापर्यंत पोचलो, तर मागून अगदी मायेने हाक मारून म्हणाले, 'आणि हो, जाण्याआधी त्याला तुझं ते काम शिकवून जा. तुझ्याइतकं सफाईने कोणाला जमत नाही.'

दाराच्या मुठीवर माझा हात होता. डोळ्यांसमोर त्याच्या टाचा आल्या. मी वळून विचारलं, आणि मी राहिलो तर? साहेब म्हणाले, मग त्याची काय गरज? पगार कमी केला त्यांनी. करू दे. सही करताना फोटोग्राफर म्हणाला, हसा थोडं. तू पाहिलास तो फोटो हाच.

आता लगेच माझी पूजा बांधू नकोस. बांधणार नाहीस, ओळखतो मी तुला. पण खरं ते सगळं लिहितो. जूनच्या त्या सामन्यानंतर गावच्या गोलमध्ये उभं राहायचं नुसतं मनात आलं तरी मी उठून चहाचं आधण ठेवायचो. शिट्टींसमोर, तुझ्यासमोर, दर रविवारी तीच उशिराची उडी. इथे ती माझी नोकरी आहे, तिथे सगळ्यांना दिसली असती. तेव्हा मी भाच्यासाठी किती थांबलो आणि भिऊन किती, हे मला वेगळं काढता येत नाही. इतकी वर्षं आत राहिल्यावर दाराला कडी बाहेरून आहे की आतून, तेच कळेनासं होतं. सामान परत सोडलं, स्टँड जागेवर ठेवला, सकाळी चहा पीत मैदान बघितलं. आणि हो, त्याला न विचारता केलं, ही तुझी तक्रार अगदी रास्त आहे. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. मीही म्हणालो होतो.

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. ती तू देशील तेव्हा दे, नाही दिलीस तरी दिवाळखोर होण्याइतकं माझ्याकडे आता काही नाही. काम वेगळं आहे. शिट्टींशी माझं बोलणं झालंय. मी येत नाही म्हटल्यावर गावच्या क्लबचा पहिला गोलकीपर तुझा लेकच. रविवारी पहिला सामना आहे, आणि तो आला नाही तर ते दुसऱ्या कोणाला उभं करतील. वाट बघत बसणारे नाहीत ते. त्याला पाठव. सुरुवातीला खाईल चार-पाच गोल, खाऊ दे, ते त्याचे स्वतःचे असतील. समजावत बसू नकोस, ऐकायचा नाही. हे पत्र वाचायला दे, उडीचा भागसुद्धा. मला कमीपणा येईल म्हणून तेवढं पान काढून ठेवू नकोस. त्याच्या 'का'ला माझ्याकडे तेवढंच उत्तर आहे. एवढं वाचूनही माझ्यावर राग राहिला तर राहू दे, गोलमध्ये उपयोगी पडतो. मग माळ्यावरून ग्लोव्हज तू उतरव. शेडचं दार अजून तेच आहे, दाजींनी रंग तेवढा दिलाय. त्याला त्या दारापुढे उभा कर, गुडघ्याचं रडगाणं नंतर गा, चपला काढ आणि मार. पत्रा वाजायचा थांबला, की दाजींना मला फोन करायला सांग. फक्त एक कर, ताई. पोराचं तोंड उतरलंय, आधीच त्याचं मन मोडलंय, असं काहीबाही मनात आणून एकही चेंडू हळू मारू नकोस.

मध्ये आलेला,
तुझाच
ठोंब्या