तुम्हा दोघींचा खेळ

आई, तो तलवारवाला गेम मी अजून खेळते. वहिनीनं लग्नात माहेरून आणलेल्या, टीव्हीला जोडून खेळायच्या त्या काळ्या डब्यावरचा. भावानं नवा डबा घेतला तेव्हा हा जुना माझ्या मुलासाठी इकडे लोणारला पाठवून दिला. मुलगा आता पुण्याला शिकतो आणि डबा माझ्या ताब्यात आहे. दुपारची भांडी आवरली की मी दार लोटून घेते आणि टीव्ही लावते. शेजारणींना वाटतं मी सिरियल बघते. मुलगा फोनवर हसतो, म्हणतो, याच्यापेक्षा किती भारी गेम आले, तुला हाच एवढा का आवडतो? मी त्याला सांगते, त्यातले डोंगर छान आहेत, राक्षसांचा देश आहे, पाठीवर बसवून नेणारा गरुड आहे. सगळं खरंच आहे ते. पण खरं कारण मुलाला सांगण्यासारखं नाही. मला वहिनीचा हेवा वाटतो, आई. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी वाटतो.

मला मिळाली ती कामावरची आई. मोताळ्याच्या मुलींच्या वसतिगृहाचा स्वयंपाक तुझ्याकडे होता आणि शाळा सुटली की मी थेट तिथल्या स्वयंपाकघरात यायचे. तू परातीपुढे बसलेली असायचीस, कोपरापर्यंत पीठ. मी काही सांगायला लागले की म्हणायचीस, "बोल, आयकून राह्यली मी." डोळे मात्र तव्यावर. एकदा निबंधात माझा पहिला नंबर आला, बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. मी ती तुझ्यापुढे धरली तर तू म्हणालीस, "ठेव त्या डब्यावर, हाताले पीठ हाय." ती संध्याकाळपर्यंत डब्यावरच राहिली. आणि त्या मुलींमध्ये कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला वरण जास्त लागतं, हे सगळं तुला तोंडपाठ! त्यांच्या ताटांकडे बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा. घरी आलीस की तू अंग टाकायचीस, आणि मग बोलायचं कुणाशी?

वहिनी घरात आली तेव्हा तू नुकतीच रिटायर झाली होतीस. गुडघे पार गेलेले, दिवसभर खाटेवर. म्हणजे मला मिळाली राबणारी आई, आणि तिला आयती मिळाली बसलेली. भाऊ कामाला बाहेरगावी, घरात तुम्ही दोघीच. एक दिवस ती गेम खेळत असताना दूध उतू जायला लागलं, म्हणून तिनं कंट्रोलर तुझ्या हातात कोंबला. "आत्याबाई, धरा जरा." परत येऊन बघते तर तू त्या तलवारवाल्या पोराला झाडाखाली नेऊन उभं केलं होतंस, ऊन लागतं म्हणून. वहिनी हे सगळ्यांना कौतुकानं सांगते. मी दर वेळी हसते, आणि दर वेळी आतून कुढते.

त्या भाऊबीजेला मी आले तो दिवस तुला आठवत नसेल, मला लख्ख आठवतो. बुलढाण्याला एसटी बदलून, फराळाची पिशवी सांभाळत मी येते आहे. दर वर्षी तू फाटकात उभी असायचीस. त्या वर्षी फाटकात कुणी नाही. आत तू खाटेवर, वहिनी खाली तुझ्या पायाशी, आणि दोघींचे डोळे टीव्हीवर. "आली का व माय? बस जरा, हे पोरगं पुलावरून पडीन नाहीतर." मी पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. पोरगं पुलापलीकडे पोचलं, तुम्ही दोघींनी टाळ्या पिटल्या, आणि मग कुठे मला पाण्याचं विचारलं.

चहा झाल्यावर वहिनीनं कौतुकानं कंट्रोलर माझ्या हाती दिला. मुलाला खेळताना मी पाहिलेलं होतं. असल्या गेममध्ये कुणाच्याही घरात शिरायचं, मडकी फोडायची, आत नाणी नाहीतर औषध मिळतं. मी एका म्हातारीच्या घरात शिरून तिचं मडकं फोडलं. तू खाटेवर ताडकन उठून बसलीस.

"काऊन व, लोकाच्या घरात शिरून मडके फोडून राह्यली? हेच शिकवलं का तुले म्या?"

"आई, गेम आहे तो."

"असू दे ना गेम. त्या बुढीनं पाणी कशात भरावं मंग?"

वहिनी हळूच म्हणाली, "ताई, आपल्यात फोडत नाहीत." आपल्यात! माझ्या माहेरी, माझ्या आईशेजारी बसून ती मला आपल्यातलं काय ते सांगत होती. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि करंज्या ताटात काढायला निघून गेले.

तुमचा दुसरा कायदा दिवेलागणीचा होता. त्या गेममधला दिवस चहा उकळून प्यायला लागतो तेवढाच, नंतर अंधार पडतो आणि राक्षस निघतात. बाकीचे खेळणारे तेव्हा तलवार काढतात. तू उन्हं कलली की पोराला माघारी फिरवायचीस. "दिवेलागणीले माणूस घरात पाह्यजे." वाटेत कुणी निजायला जागा दिली तरी परक्याच्या घरी राहायचं नाही. आपल्या खाटेवर नेऊन निजवायचं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा घरापासून सुरुवात. त्यामुळे एवढ्या मोठ्या जादूच्या मुलखात तुम्ही दोघी कधी अर्ध्या दिवसाच्या वाटेपलीकडे गेलाच नाहीत. मला वाटायचं, तुला नुसतं हिंडायला आवडतं.

तुझ्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघी पुरण वाटत होतो, तेव्हा वहिनी म्हणाली, "ताई, तुम्हाले माहीत हाय का, आत्याबाई त्या गेममध्ये रोज कुठं जाऊन राह्यल्या होत्या?" मला कुठून माहीत असणार! तिनं सांगितलं, एका टेकडीवरून लांबवर एक गोल तळं दिसतं, चारी बाजूंनी कडे. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "हे तं लोणारच हाय. तिकडं माही लेक दिली." तेव्हापासून रोज तुम्ही तिकडेच निघत होतात. वहिनी हसायची तर तू म्हणायचीस, "मले समजते हे खरं नाही. पण याचे गुडघे चांगले हायत, चालून पाह्यलं तं काय बिघडते?" एसटीच्या पायऱ्या तुला चढवत नव्हत्या, माझ्या दारात तू शेवटची कधी आलीस तेही मला सांगता येत नाही. आणि त्या टेकडीवर रोज उभी राहत होतीस. रोज अर्ध्या वाटेत उन्हं कलायची, तू परतायचीस. मी पुरण वाटता वाटता रडले. वहिनीला वाटलं, तुझ्या आठवणीनं. आठवणीनं तर होतंच, पण रागही आला होता. माझ्यासाठी चाललेली ती वाटदेखील तिनं पाहिली, मी नाही. तू माझ्याकडे येत होतीस हेसुद्धा मला तिच्या तोंडून कळावं?

म्हणून आवडतो मला हा गेम. डबा माझ्याकडे आल्यावर मी त्या तळ्याला जायचं ठरवलं. मडकी फोडली नाहीत, पण दिवेलागणीचा कायदा मोडला, पोराला रात्रभर उघड्यावर ठेवलं. राक्षसांनी मारलं, मी पुन्हा उठवलं, पुन्हा चालवलं. पोचले. मुलगा म्हणतो त्या तळ्यावर काहीच मिळत नाही, गेम बनवणारे तिथे काही ठेवायचं विसरले असतील. बदकं आहेत आणि एक मोडकी होडी. तिथून तुमची टेकडी दिसते. मी पोराला टेकडीकडे तोंड करून बसवते आणि हातात काही काम न घेता त्याच्यासोबत बसते. तुझ्याजवळ अशी बसायला मला कधी मिळालं नाही.

मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. "ताई, तो जुना गेम हाय ना तुमच्याकडं? येते मी चार दिवस. आत्याबाईचं तळ्यावर जायचं राहून गेलं, आपण दोघी जाऊ." पोरगी मनानं चांगली आहे, आई, मला कळतं ते. तुझे पाय तिनंच चेपले. तरी मी म्हटलं, "बिघडला गं तो, चालतच नाही." आणि मी हे बोलत होते तेव्हा टीव्ही समोर चालू होता, आवाज तेवढा मी बंद केला होता.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. आणि खरं सांगू, तू असतीस तरी मी ते पाठवलं नसतं. तुला बारीक अक्षर दिसत नव्हतं, तुला ते वहिनीनंच वाचून दाखवलं असतं.