झडप आणि कौल

रत्नागिरी, माघ वद्य पंचमी, १९३५

आज वनस्पती तुपाच्या कारखान्याचा मुकादम माझ्या वसंताला मुंबईस परत न्यायला आला. तिथे तेलात हायड्रोजन वायू सोडून तूप करतात. त्या वायूला ना वास, ना रंग. झडप गळली तरी भडका उडेपर्यंत कळत नाही. तशाच भडक्यात पोराच्या भुवया जळल्या, त्या अजून उगवल्या नाहीत.

"तात्या, देवाला कौल लावू," मुकादम म्हणाला. "उजवा मिळाला, देवानं हो म्हटलं, तर पोर माझ्याबरोबर."

"झडप बदललीत काय?"

"ती बदलायची साहेबानं."

"मग कौल साहेबाला लावा! देवानं बसवली होती काय ती झडप?"

मुकादम चिडून गेला. कौल मी जन्मात नाकारला नव्हता. देव रागावेल काय? रागावो. वसंताला त्याच्यापुढे उभा करीन आणि म्हणेन, आधी या भुवया बघ.