बशांच्या पाठीवरची नावं

सोल्वेगताईस,

धाकट्या अर्विडचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हाने तुझे गुडघे सैल पडले असतील. इकडे मिनेसोटात एप्रिल लागला तरी आमचे गोठलेलेच आहेत. आई मजेत आहे. नव्या दोन खोल्यांत गेल्या गेल्या तिने शेजारणीला पत्त्यांत हरवलं, तेव्हा प्रकृतीची काळजी नको.

काळजी वाटावी असं घडलं ते जुनं घर रिकामं करताना. तुला ठाऊकच आहे, आपल्या पश्चात कोणाला काय जायचं ते आईने कागदी चिकटपट्टीवर लिहून प्रत्येक वस्तूच्या बुडाला चिकटवून ठेवलं होतं. (वकिलाची फी वाचवायची ही आपल्या गावाची जुनी पद्धत.) मी जुन्या सामानाचा दुकानदार; तीस वर्षं लोकांना सांगत आलोय की आठवणींना भाव नसतो, कपाटाला असतो. म्हणून मी नुसता खोकी उचलायला गेलो होतो. पण आपली चुलतबहीण मर्ना पडली टापटिपीची. बांधाबांध करण्याआधी तिने सगळी भांडी कढत पाण्यात बुडवली, आणि पाच मिनिटांत सिंकमध्ये एकतीस नावं तरंगायला लागली.

आता कोणाचं काय, कोणास ठाऊक? दुसरीकडे भांडणं झाली असती. आपल्याकडे त्याहून वाईट झालं : सगळे नको म्हणायला लागले. (कॉफीसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्यावर घेणारी माणसं आपण.) रश्शाचं ते निळं भांडं मर्नाने तिच्या भावाच्या, गॉर्डीच्या, गाडीत ठेवलं. "मला कशाला, तूच ने," म्हणत गॉर्डीने ते परत ओट्यावर आणलं. "छे, माझ्याकडे जागा कुठेय?" म्हणून तिने ते पुन्हा गाडीत नेलं. असं चार वेळा. माझे कान तुला माहीतच आहेत; फडताळाआड मर्ना नवऱ्याला कुजबुजत होती, "मेल्याने खरंच नेलं तर काय करू?" शेवटी ती घरी जायला स्वतःच्या गाडीत बसली तेव्हा मीच ते तिच्या मांडीवर ठेवलं आणि गाडीचं दार लावलं. बाई रडली, वर म्हणाली, "तू फार आग्रह केलास म्हणून हं."

इतकं सगळं त्या भांड्यापायी, ज्याचा कान तुटलाय आणि ज्यातून रस्सा टेबलावरच जास्त सांडतो. माझ्या दुकानात त्याला कोणी हात लावला नसता. मी मनसोक्त हसलो.

मग त्या ओल्या पट्ट्या टॉवेलवर वाळत घातल्या. (कोणीतरी घालायलाच हव्या होत्या.) एकतीसच्या एकतीस वाचल्या. मर्ना सात, तू अकरा, गॉर्डी सहा, बाकी चर्चच्या बायका. अर्विड एकही नाही. खुर्च्या उलट्या केल्या, टेबलाखाली आडवा होऊन पाहिलं, घड्याळाची पाठ पाहिली. नाही म्हणजे नाही. मला काही हवं होतं असं नव्हे. हिशेब जुळत नाही म्हणून आपला आईकडे गेलो.

ती पत्ते पिसत म्हणाली, "बाबा, बाविसाव्या वर्षी तू आजोबांचा बाजा विकलास. तू एखादी वस्तू उलटी करून बघायला लागलास की मी समजते, ती गेली."

"म्हणजे मला काहीच नाही?"

"आहे की. कॉफीची चक्की. लहानपणी रोज सकाळी तूच फिरवायचास. तुझं नाव बुडाला चिकटवून सोल्वेगकडे दिली. तुझ्या दुकानापासून दीड हजार मैल लांब. बस, पत्ते वाटते."

बसलो. हरलो. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
अर्विड

ता. क. : सहज जाता-येता त्या चक्कीचं बूड बघ आणि पट्टी अजून आहे का तेवढं कळव. घाई नाही. फोन केलास तरी चालेल. आज मी घरीच आहे.

आणखी एक : चक्की पाठवू नकोस. एखाद्या गिऱ्हाइकाने भाव विचारला तर माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही. फक्त पट्टी हळूच सोडवून पाकिटात घाल. आणि पाकिटावर दुकानाचा पत्ता नको, घरचा घाल.